कोळशाच्या फ्लेमवर पीएचडी घ्यावी का? ह्यात वर्षं घालवलेल्यांनी बोला

ठिणगी२५

नमस्कार मंडळी. थर्मलमधून मास्टर्स संपत आलंय आणि पीएचडीसाठी एका सरांकडून विषय आलाय, बारीक दळलेल्या कोळशाच्या फ्लेमची स्थिरता. प्रयोग जास्त, सिम्युलेशन थोडं. सर चांगले वाटले, लॅबही बघून आलो, उभी भट्टी आहे, हायस्पीड कॅमेरा आहे, एक लेझरपण आहे (चालू आहे का ते विचारायचं राहिलं).

पण ज्याला सांगतो तो एकच म्हणतो, अरे कोळसा बंद होतोय आणि तू आत्ता त्यात शिरतोयस? ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्र बंद केलं ती बातमी मला इतक्या जणांनी पाठवलीय की आता पाठ झालीय.

तर विचारायचं असं की ह्या फील्डमध्ये आयुष्य काढलेली माणसं नक्की काय करतात रोज? पेपरमध्ये नुसते ग्राफ दिसतात, त्यामागचं काम काय असतं ते कळत नाही. आणि कोळसा गेला तर ह्या माणसांचं काय होतं? "विषय कुठलाही घे, गाईड चांगला बघ" हा सल्ला मिळालेला आहे, तो सोडून सांगा प्लीज.

---

राखाडी

कोळसा बंद होणार हे मी पीएचडीला लागलो तेव्हापासून ऐकतोय रे, तेव्हा कारण वेगळं द्यायचे इतकंच. २०२४ मध्ये जगात कोळशाचा वापर साडेआठ अब्ज टनांच्या वर गेला, तोवरचा सगळ्यात जास्त. पण ह्या आकड्याने खूश होऊ नकोस, कारण किती कोळसा जळतो आणि त्याच्या संशोधनाला किती पैसे मिळतात ह्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पैसा दुसऱ्याच वाऱ्यावर फिरतो. माझ्या वेळी तो ऑक्सी-फ्युएलवर फिरला.

ऑक्सी-फ्युएल म्हणजे हवेच्या जागी ऑक्सिजन आणि परत फिरवलेला धूरवायू घालायचा, म्हणजे चिमणीतून जवळपास नुसता कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो पकडून जमिनीत घालता येतो. जर्मनीत श्वार्झ पुंपेला ३० मेगावॅट थर्मलचा पायलट २००८ ला सुरू झाला, २०१४ ला बंद. ऑस्ट्रेलियात कॅलाइडला जुन्या बॉयलरवरच केलं, ते २०१२ ते २०१५ चाललं. ह्या काळात पीएचडी झालेली आमची अख्खी पिढी आहे. प्रोजेक्ट गुंडाळले, माणसं गुंडाळली गेली नाहीत. माझ्या ओळखीतले कोणी बायोमासवर गेले, कोणी अमोनियावर, एकजण लोखंडाची पूड जाळतो (गंमत नाही, नेदरलँड्समध्ये २०२० ला एका ब्रुअरीत लोखंडाच्या पुडीवर वाफ करून दाखवलीय), एकजण वणव्यांवर काम करतो.

आता रोजचं काम. तू लेझर बघून आलास, फीडर (भट्टीत कोळसा सोडणारं यंत्र) बघितलास का? ह्या फील्डमधली निम्मी वर्षं फीडरमध्ये जातात हे कोणी पेपरमध्ये लिहीत नाही. उभ्या नळीच्या भट्टीत, ज्याला सगळे ड्रॉप ट्यूब म्हणतात, मिनिटाला ग्रॅमभर किंवा त्याहून कमी कोळसा सोडायचा असतो, आणि तो सलग पडला पाहिजे. ७५ मायक्रॉनच्या आतला कोळसा म्हणजे मैद्यासारखा नुसता, जरा दमट झाला की ओलसर मिठाच्या बाटलीतून पडतो तसा, काहीच नाही काहीच नाही आणि मग एकदम गोळा. गोळा पडला की त्या क्षणी तिथे ऑक्सिजन कमी पडतो, काजळी वाढते, तापमानाचा आकडा उडतो, आणि तू मोजतोयस ते कोळशाचं वागणं की फीडरचं हेच कळत नाही. फ्लेम लुकलुकते म्हणून फ्लेम डायनॅमिक्सवर (म्हणजे फ्लेम कशी हलते-थरथरते त्यावर) चॅप्टर लिहायला घेतलेला आणि शेवटी ती फीडरच्या मोटरची फ्रिक्वेन्सी निघाली, असं झालेला माणूस मला माहितीय.

मग खालून पाण्याने थंड केलेला प्रोब (कण गोळा करायची नळी) आत घालायचा, त्यात नायट्रोजन सोडून कण जागच्या जागी विझवायचे आणि गोळा करायचे. किती जळलं ते राखेवरून काढतात, कारण राख जळत नाही, म्हणून कार्बन जितका कमी झाला तितका राखेचा टक्का वाढतो. ऐकायला सोपं. पण भट्टी खूप तापवली की राखेतलं सोडियम पोटॅशियम वाफ होऊन निघून जातं आणि तुझा हिशोब खालीवर होतो, बारीक कण प्रोबच्या भिंतीला चिकटतात तो भाग वेगळाच. असल्या गोष्टींत माणूस तयार होतो.

आणि हायस्पीड कॅमेऱ्यात एक सुटा कण जळताना एकदा बघून घे, कुठेही जा पण हे बघून जा. आधी काळा ठिपका नुसता खाली येत असतो. मग एकदम त्याच्याभोवती त्याच्या कितीतरी पट मोठा उजळ गोळा होतो, तो आतला वायू बाहेर पडून जळतोय, मागे काजळीची शेपटी. काही मिलिसेकंद. मग तो गोळा विझतो, क्षणभर वाटतं संपलं, आणि मग तो कण स्वतः आतून लाल-पिवळा व्हायला लागतो, शांतपणे, बराच वेळ. पहिला भाग दहा-वीस मिलिसेकंदात उरकतो, दुसरा जवळजवळ सेकंद खातो. बॉयलरमध्ये कणाला मिळतात दोन-तीन सेकंद सगळे मिळून. फ्लेम बर्नरच्या तोंडाशी टिकते की नाही ते पहिला भाग ठरवतो, राखेत न जळलेला कार्बन किती उरतो ते दुसरा. ह्या दोन्हींवर वेगवेगळी आयुष्यं गेलीत लोकांची.

ऑक्सी-फ्युएलमध्ये आम्ही काय शिकलो तेही सांगतो, म्हणजे पैसा गेला तरी काय उरतं त्याचा अंदाज येईल. नायट्रोजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड आला आणि ऑक्सिजन हवेइतकाच २१ टक्के ठेवला की फ्लेम बर्नर सोडून लांब जाते, कधी विझतेच. कारण हा गॅस तापवायला जास्त उष्णता लागते, आणि त्यातून ऑक्सिजन कणापर्यंत पोचतोही सावकाश. हवेइतकं तापमान परत आणायला ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या आसपास न्यावा लागतो. म्हणजे नायट्रोजन तिथे "काही करत नाही" असं जे शिकवतात ते किती खोटं आहे ते तिथे कळलं. आता अमोनियावाले तेच भोगतायत, फक्त गॅस वेगळा.

अजून बरंच आहे, टीजीएचं (तापवत वजन मोजायच्या यंत्राचं) दुकान हा वेगळा विषय आहे, विचारलंस तर लिहीन.

---

सरळबोल

राखाडी सरांचा आदर आहे पण कोणीतरी उलटं पण बोलायला हवं. नको घेऊस.

मी कोळशातच पीएचडी केली, आता त्यात नाही. कारण सांगतो. पोस्टडॉकसाठी अर्ज टाकायला लागलो तेव्हा समोरचा थीसिसचं शीर्षक वाचतो आणि तिथेच थांबतो, आतमध्ये तू ऑप्टिक्स केलंय की टर्ब्युलन्स केलंय हे बघायला त्याला वेळ नसतो. एका मोठ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूला मला तोंडावर विचारलं गेलं की "क्लीन" काही केलंय का. मी नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड) कमी करण्यावर काम केलं होतं, त्याहून क्लीन काय असतं, पण शीर्षकात कोळसा होता ना. संपलं.

सर म्हणतात माणसं गुंडाळली गेली नाहीत. जी टिकली ती दिसतात हो सर. जी बाहेर पडली ती अशा धाग्यावर उत्तर द्यायला येत नाहीत. माझ्या लॅबमधले बरेचजण आज सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि सुखात आहेत, पण त्यांना फ्लेम हा शब्द काढला तरी नको वाटतो.

घ्यायचाच असेल तर एक कर, शीर्षकात कोळसा येऊ देऊ नकोस. "कणयुक्त टर्ब्युलंट फ्लेम" असं काहीतरी करून घे आणि ते रजिस्ट्रेशनच्या आधी करून घे, नंतर बदलायला गेलं की कागदांत घोडं पेंड खातं. आणि प्रयोगात कोळशाबरोबर दुसरं एखादं इंधन पहिल्या वर्षापासून ठेव. शेवटच्या वर्षी घुसवलेलं दुसरं इंधन वाचणाऱ्याला लगेच कळतं.

---

बॉयलरदादा

मी संशोधक नाही, बॉयलर कमिशनिंगवाला, म्हणजे बॉयलर सेट करून चालू करून देणारा माणूस आहे, पण विषय माझ्या पोटापाण्याचा म्हणून लिहितो. लिहिताना इकडेतिकडे होईल, सांभाळून घ्या.

लोक म्हणतात सोलर आलं म्हणून कोळशाचं संशोधन संपलं. आमच्याकडे उलटं झालंय. पूर्वी युनिट एकदा फुल लोडला नेलं की तसंच महिनोन्‌महिने, फ्लेम कशी आहे ते कोण बघतंय, मोठी भक्कम फ्लेम, काही होत नाही. आता दुपारी ऊन असलं की आम्हाला म्हणतात खाली या. अर्ध्याच्या खाली जायचंच नाही असं आम्ही शिकलो होतो, आता ४० टक्के आणि त्याच्याही खाली मागतात, आणि संध्याकाळी परत पळा वर.

खाली गेल्यावर काय होतं ते ऐक, हा तुझा विषय आहे. कोळसा कमी केला तर त्याला वाहून नेणारी हवापण कमी करायला पाहिजे, बरोबर? पण ती करता येत नाही. पाइपमध्ये वेग सेकंदाला साधारण १५-१८ मीटरच्या खाली गेला की कोळसा पाइपात बसायला लागतो, आणि बसलेला कोळसा म्हणजे पाइपात आग. म्हणजे हवा तेवढीच, कोळसा कमी, मिश्रण पातळ. पातळ मिश्रण उशिरा पेटतं. फ्लेम बर्नरपासून सुटते, पुढे जाते, परत येते, परत सुटते. आम्ही मग ऑइल लावतो आधाराला, ते महाग, वर धूर. नाहीतर कोळसा दळणाऱ्या काही मिल बंद करून उरलेल्या जोरात चालवतो, म्हणजे निदान तेवढे बर्नर तरी नीट पेटतील.

फ्लेम स्कॅनर, म्हणजे बर्नर पेटलाय का ते बघणारा डोळा, हा अजून एक प्रकार. नवीन पोरांना वाटतं तो उजेड बघतो. नुसता उजेड बघितला तर समोरच्या बर्नरचा उजेड, भिंतीचा उजेड, सगळ्यालाच तो फ्लेम म्हणेल. तो लुकलुक बघतो. बर्नरच्या तोंडाजवळ लुकलुक जलद असते, भट्टीच्या मधला उजेड सावकाश हलतो. त्या फरकावर ठरतं की हा बर्नर पेटलेला आहे की नाही. लो लोडला फ्लेम पुढे सरकली की स्कॅनरला वाटतं गेली, प्रत्यक्षात ती दोन हात पुढे जळत असते. सगळे स्कॅनर एकदम तसं म्हणाले की मास्टर फ्युएल ट्रिप, म्हणजे सगळं इंधन आपोआप बंद, युनिट खाली, मग परत पेटवायच्या आधी पाच मिनिटं पर्ज, म्हणजे भट्टीत नुसती हवा मारायची, आणि तोवर फोन सुरू. उलटं झालं तर त्याहून वाईट, फ्लेम खरंच गेलीय आणि कोळसा पडतोच आहे, आणि मग एकदम पेटतो. भट्टीच्या भिंती फुगलेल्या बघितल्यात मी.

आता हे सगळं कुठल्या सूत्राने सेट करतात माहितीय? अंदाजाने. कमिशनिंगला माणूस येतो, फ्रिक्वेन्सीचा बार वर खाली करतो, ट्रिप नाही झाली की निघून जातो. तुझ्यासारख्या कोणीतरी ती फ्लेम सुटायच्या आधी सिग्नलमध्ये काय बदलतं ते सांगितलं ना तर आम्ही पाया पडू.

---

ठिणगी२५

बापरे, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. थँक्यू सगळ्यांना.

सरळबोल, शीर्षकाचं लक्षात घेतलं, सरांशी बोलतो. बॉयलरदादा, तुम्ही जे स्कॅनरचं लिहिलंय ते मी दोनदा वाचलं, हे कुठल्याच पेपरमध्ये माझ्या वाचनात आलं नाही.

राखाडी सर, टीजीएचं सांगाच. कारण सरांनी पहिल्या सहा महिन्यांत टीजीएवर कायनेटिक्स (क्रियेचा वेग) काढायला सांगितलंय आणि मला ते बरं वाटलं होतं, मशीन आहे, बटण दाबायचं, पेपर निघेल लवकर.

---

राखाडी

पेपर निघेल, तोच तर घोटाळा आहे.

टीजीए म्हणजे ह्या तराजूवाल्या भट्टीत दहाएक मिलिग्रॅम कोळसा ठेवायचा आणि मिनिटाला दहा-वीस अंशांनी तापवत वजन कसं उतरतं ते बघायचं. बर्नरमध्ये तोच कण सेकंदाला दहा हजार ते लाख अंशांनी तापतो. सेकंदाला. मिनिटाला दहा अंश आणि सेकंदाला लाख अंश ह्यांत किती शून्यांचा फरक पडतो तो कागदावर कर. हळू तापवलं की आतून सुटणारी डांबरासारखी वाफ बाहेर पडता पडता परत सांगाड्याला चिकटते, जुळते, घट्ट होते. झटकन तापवलं की तिला ती संधीच मिळत नाही, बाहेर फेकली जाते. म्हणून खऱ्या फ्लेममध्ये त्याच कोळशातून झाकण लावलेल्या क्रुसिबलच्या (मुशीच्या) नेहमीच्या टेस्टपेक्षा जास्त वायू निघतो. हे नवीन नाही, बॅडझिओक आणि हॉक्सली ह्यांनी १९७० मध्ये दाखवलेलं आहे. आणि जे उरतं तेही वेगळं असतं, झटकन तापलेला कण फुगतो, आत पोकळ होतो, भोकं पडतात.

दुसरं म्हणजे टीजीएमधे तू मोजतोस ते कमी तापमानाला, जिथे रासायनिक क्रियाच इतकी मंद आहे की ऑक्सिजन कणाच्या आतपर्यंत आरामात पोचतो. भट्टीत तसं नसतं, तिथे ऑक्सिजन पोचायच्या आधी बाहेरच संपतो, कण बाहेरून आत खाल्ला जातो आणि वेग ठरतो ऑक्सिजन किती भराभर येतो त्यावर. एका राज्यातला कायदा दुसऱ्या राज्यात लावल्यासारखे लोक टीजीएचे आकडे उचलून बॉयलरच्या सिम्युलेशनमध्ये टाकतात आणि मग "निष्कर्ष प्रयोगाशी जुळले" असं लिहितात. जुळतात कारण जुळेपर्यंत दुसरं काहीतरी फिरवलेलं असतं.

टीजीए करूच नकोस असं नाही. दोन कोळशांची तुलना करायला, ओलावा राख बघायला, पेटायला कोण सोपा कोण अवघड ह्याचा ढोबळ क्रम लावायला ठीक आहे. पण सहा महिने? सरांना आदराने विचार की जाळीवर तापवायची सोय करता येईल का, म्हणजे तारेची जाळी, तिच्यावर कोळशाचा पातळ थर, त्यातून करंट सोडायचा, सेकंदाला हजार अंश सहज मिळतात. हे तुला लॅबमध्ये बनवता येतं. आणि बनवता येणारं यंत्र शिकलेला माणूस इंधन बदललं तरी उपाशी राहत नाही. सरळबोल जे म्हणतायत ते मला अंशतः पटतं, पण बाहेर पडलेल्यांत टीजीएवर आणि तयार सॉफ्टवेअरवर पीएचडी केलेले जास्त असतात असं माझं निरीक्षण आहे. निरीक्षणच, आकडे नाहीत माझ्याकडे.

---

मेश_वाली

सर, तयार सॉफ्टवेअरवाल्यांना एका फटक्यात झोपवलंत 😄 आम्ही पण माणसं आहोत.

मी सिम्युलेशनमधली आहे, आधी गॅस टर्बाइन, मग कोळसा, आता हायड्रोजन. ठिणगी, सिम्युलेशन "थोडं" असतं असं जे लिहिलंयस त्याकडे जरा बघ. कोळशाच्या फ्लेमचं सिम्युलेशन थोडं होत नाही. गॅसच्या फ्लेमसाठी आमच्याकडे अमेरिकेतल्या सॅन्डिया लॅबच्या फ्लेम डीसारखी उदाहरणं आहेत, मिथेनची साधी जेट, लोकांनी ती लेझरने आतून बाहेरून मोजून ठेवलीय आणि जगभरचे कोड तिच्यावर तपासले जातात. कोळशासाठी तसं फार कमी आहे. जपानच्या क्रीपी संस्थेची छोटी जेट ज्योत आहे, कडेने मिथेनचा आधार दिलेली, बहुतेक सगळे तीच वापरतात. कारण कणांच्या ढगात लेझर घातला की प्रकाश विखुरतो, काजळी स्वतःच चमकते, सिग्नल बुडतो. म्हणून ज्याला कणांच्या फ्लेममध्ये चांगलं मोजता येतं त्याच्या दारात आम्ही सिम्युलेशनवाले रांग लावतो. लेझर चालू आहे का ते खरंच विचार.

कोळसा गेल्यावर काय, ह्याचं माझं उत्तर. बॉयलरदादांची सुटणारी फ्लेम आणि माझी हायड्रोजनची उलटी बर्नरमध्ये घुसणारी फ्लेम ही एकाच हिशोबाची दोन टोकं आहेत, फ्लेमचा वेग आणि समोरून येणाऱ्या मिश्रणाचा वेग. शांत मिश्रणात मिथेनची फ्लेम सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या आत सरकते, हायड्रोजनची दोन ते तीन मीटर, अमोनियाची ७ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे हायड्रोजन मागे घुसतो, अमोनिया पळून जातो, अमोनियावाले म्हणून स्वर्ल देतात, म्हणजे हवा गरगर फिरवून मध्ये गरम वायू परत ओढायचा. हा उपाय कोळशाच्या बर्नरवर दशकानुदशकं घासूनपुसून झालेला आहे.

आणि अमोनियाचं तर अजून एक आहे. कोळशात जो नायट्रोजन असतो तो कण तापला की हायड्रोजन सायनाइड आणि अमोनियाच्या रूपात बाहेर येतो, आणि कोळशाच्या फ्लेममधल्या नॉक्सचा मोठा भाग त्यातूनच होतो, हवेतल्या नायट्रोजनमधून नाही. म्हणून लो-नॉक्स बर्नरमध्ये मधला भाग मुद्दाम हवेला उपाशी ठेवतात, म्हणजे तो नायट्रोजन नॉक्स व्हायच्या ऐवजी साधा नायट्रोजन होऊन जातो. २०२४ मध्ये जपानमध्ये हेकिनान वीजकेंद्राच्या युनिटवर २० टक्के अमोनिया कोळशाबरोबर जाळून बघितला, तिथे कोळशाच्या नॉक्सवाल्यांचं हेच ज्ञान कामाला येतं. ही मंडळी इतकी वर्षं अमोनियाच जाळत होती, फक्त तो कोळशातून यायचा.

फ्लेम डायनॅमिक्स हा भाग सोडू नकोस मात्र. नळीत जाळी तापवली की ती गायला लागते हे रिकेने १८५९ ला दाखवलं, उष्णता दाबाच्या लयीत पडली की आवाज वाढतो हे रेलेने १८७८ ला सांगितलं, आणि चंद्रावर जाणाऱ्या सॅटर्न-५ चं एफ-१ इंजिन ह्याच रोगाने सुरुवातीला चाचणीत फुटत होतं. तोच रोग आज माझ्या हायड्रोजन बर्नरला आहे. इंधन कुठलंही असो, ह्याचं गणित येणारा माणूस लागतो.

---

सरळबोल

मेश_वाली, पटण्यासारखं आहे, पण हे सगळं अर्ज चाळणाऱ्या माणसाला कोण समजावणार? तो "कोळसा" वाचून पुढचा अर्ज उघडतो. ज्ञान चालतं, लेबल चालत नाही. माझा मुद्दा तेवढाच होता आणि तो अजून आहे.

---

मेश_वाली

मान्य. म्हणून निदान एक पेपर तरी कोळशाशिवायचा ठेवावा, मोजायच्या पद्धतीवर किंवा फ्लेमच्या लयीवर. अर्जात तो सगळ्यात वर टाकायचा.

---

धूळधाण

एक बाजू कोणीच काढली नाही म्हणून, सेफ्टी. कोळशाच्या धुळीचा स्फोट हा पण फ्लेम डायनॅमिक्सच आहे, नुसता नको तिथे झालेला. फ्रान्सच्या कुरिएर खाणीत १० मार्च १९०६ ला धुळीच्या स्फोटात १०९९ माणसं गेली. खाणीत दगडाची पूड पसरून ठेवतात ती त्यासाठीच, धक्क्याने कोळशाच्या धुळीबरोबर तीही उडते आणि उष्णता पिऊन फ्लेम मारते. २० लिटरच्या गोळ्यात धूळ उडवून पेटवायची आणि दाब किती वेगाने चढतो ते बघायचं, ही आमची रोजची टेस्ट. पीठ, साखर, औषधं, प्लास्टिक, ॲल्युमिनियम, सगळ्यांची धूळ येते तपासायला. कोळशाच्या कणांवर काम केलेला माणूस आम्ही डोळे झाकून घेतो, आणि आमच्याकडे लेबलही कोणी बघत नाही.

---

ठिणगी२५

आज सरांना भेटून आलो. शीर्षकावर ते स्वतःच म्हणाले की "घन इंधन कण" असं करू, त्यांनाही हाच अनुभव आहे म्हणे. टीजीए सहा महिन्यांवरून सहा आठवड्यांवर आणला, जाळीच्या तापवणीला हो म्हणाले पण पॉवर सप्लाय माझा मी शोधायचा. लेझर बंद आहे 😐 पण कॅमेरा आणि फोटोडायोड (उजेडाचा सिग्नल देणारे) आहेत. फीडरपण बघितला, स्क्रूवाला आहे आणि सर स्वतःच म्हणाले की हा बदलायचाय.

बॉयलरदादा, एक विचारू का. तुमच्या स्कॅनरचा कच्चा सिग्नल कुठे साठवलेला असतो का? म्हणजे पेटलंय की नाही एवढं सांगणारा नाही, आतला मूळ सिग्नल. फोटोडायोडने मी लॅबमध्ये तसंच काहीतरी घेणार, मग जुळवून बघता येईल.

---

बॉयलरदादा

नाही साठवत कोणी. कंट्रोल रूमला येतो तो फ्लेम आहे किंवा नाही आणि एक टक्क्याचा आकडा, तोही सेकंदा-सेकंदाला, लुकलुकीची माहिती त्यात उरतच नाही. मूळ सिग्नल स्कॅनरच्या डोक्यातच असतो आणि तिथेच जातो. पण बऱ्याच स्कॅनरच्या ॲम्प्लिफायरला मागे टेस्टचं टर्मिनल असतं, सेटिंग करताना आम्ही तिथे मीटर लावतो. तिथून घेता येईल, वेगळा डेटालॉगर लावून, सेकंदाला निदान हजार सॅम्पल घेणारा. परवानगीचं काम मोठं आहे कारण ते ट्रिपच्या सर्किटला लागून आहे, चालू युनिटला कोणी हात लावू देणार नाही. बंद युनिट परत पेटवताना बघायचं, तेव्हा लोड आपोआप खालून वर येतो, तुला हवा तो सगळा भाग त्यातच मिळतो. सरांकडून संस्थेच्या लेटरहेडवर पत्र घे, त्यात आयसोलेटर (त्यांचं सर्किट आपल्यापासून वेगळं ठेवणारा) लावून सिग्नल घेऊ असं स्पष्ट लिही, नाहीतर इन्स्ट्रुमेंटेशनवाले पहिल्या पानावरच नाही म्हणतील. पत्र तयार झालं की मेसेज टाक, कुणाला द्यायचं ते सांगतो.